अखंड लेखनाचे आश्वासन : फाईल-व्यवस्थेच्या कराराची एक चिकित्सा

बीजसंज्ञा : अखंड लेखन, फाईल-व्यवस्था, कीर्द-पद्धती, पॉझिक्स, एफसिंक, डेटाबेस, लिनक्स

प्रस्तावना

परीक्षा विभागातील संगणकावर एका वर्गाच्या गुणांची फाईल उघडलेली आहे, दोन आकडे दुरुस्त करून ती पुन्हा साठवण्याची आज्ञा दिली आहे आणि नेमक्या त्याच क्षणी वीज गेली, अशी कल्पना करावी. वीज परत आल्यावर फाईलमध्ये काय सापडावे? सामान्य माणसाचे उत्तर सरळ असते. एक तर जुने गुण सापडावेत, नाही तर नवे. जुने सापडले तर दुरुस्ती पुन्हा करता येईल, नवे सापडले तर काम झालेच. अर्धे जुने आणि अर्धे नवे मात्र चालणार नाहीत आणि रिकामी फाईल तर मुळीच नाही. २००० नंतरच्या दशकातील भारनियमन ज्यांनी महाराष्ट्रात राहून सोसले आहे, त्यांना हा प्रसंग काल्पनिक वाटण्याचे कारण नाही.

या साध्या अपेक्षेला संगणकशास्त्रात ‘ॲटॉमिक’ लेखन असे म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘आण्विक’ हा शब्द योजला की वाचकाच्या डोळ्यांपुढे तारापूरचा प्रकल्प उभा राहतो. वैशेषिकांचा ‘परमाणू’, म्हणजे ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत असा अंतिम घटक, या अर्थाला अधिक जवळचा आहे. प्रस्तुत निबंधात ‘अखंड लेखन’ हा शब्दप्रयोग केला आहे. अखंड हरिनाम सप्ताहातील ‘अखंड’ म्हणजे खंड न पडता चाललेले. येथील ‘अखंड’ म्हणजे ज्याचे अर्धवट तुकडे मागे उरत नाहीत ते, एवढा भेद ध्यानात ठेवावा.

फाईल-व्यवस्था ही अपेक्षा पूर्ण करते असा बहुतेकांचा समज असतो. तो खरा नाही. तो खरा का नाही, तो खरा करण्याचे कोणते प्रयत्न झाले आणि २०२४-२५ मध्ये लिनक्समध्ये दाखल झालेल्या नव्या सोयीने त्यात नेमकी काय भर घातली, याची चिकित्सा येथे केली आहे. हा प्रश्न वरवर तंत्राचा दिसला तरी मुळात तो कराराचा आहे. फाईल-व्यवस्था प्रोग्रॅमला काय देण्याचे कबूल करते आणि काय न बोलता सोडून देते, यावर त्या गुणांच्या फाईलचे भवितव्य ठरते.

अर्धवटपणाचे मूळ

फाईल ही वापरणाऱ्याच्या दृष्टीने एक वस्तू असली तरी डिस्कवर ती किमान तीन ठिकाणी नांदते. एका ठिकाणी तिचा मजकूर असतो; दुसऱ्या ठिकाणी तिची लांबी आणि मजकुराचे पत्ते सांगणारी नोंद असते; तिसऱ्या ठिकाणी फोल्डरमध्ये तिचे नाव असते. ही तीन स्थळे एकाच वेळी लिहिली जात नाहीत. शिवाय प्रोग्रॅमने लिहिण्याची आज्ञा दिली की मजकूर प्रथम मेमरीत जातो आणि ऑपरेटिंग सिस्टीम तो आपल्या सवडीने व आपल्या सोयीच्या क्रमाने डिस्कवर उतरवते. या दिरंगाईमुळेच संगणक वेगवान भासतो, आणि अपघाताची फटही तिच्यातच राहते.

मापांचाही मेळ बसत नाही. जुन्या डिस्कचा सेक्टर ५१२ बाइटचा होता. पुढे तो ४०९६ बाइटचा झाला. एक सेक्टर पूर्ण लिहिला जातो किंवा अजिबात नाही, असे सामान्यतः धरून चालतात. पण पोस्टग्रेस या डेटाबेसचे पान ८ किलोबाइटचे आणि मायएसक्यूएलच्या इनोडीबीचे १६ किलोबाइटचे असते. म्हणजे डेटाबेसचे एक पान डिस्कवरील अनेक तुकड्यांत उतरते आणि मध्येच वीज गेली तर फाटते. यावर इनोडीबी प्रत्येक पान आधी एका राखीव जागी लिहून मग मूळ जागी लिहिते. पोस्टग्रेस दर विरामबिंदूनंतर पानात पहिला बदल होताच ते संपूर्ण पान आपल्या नोंदवहीत उतरवून ठेवते. दोन्ही उपाय खात्रीचे आहेत. परंतु खालच्या थराने द्यावयाची हमी वरच्या थराने स्वतःच्या खर्चाने विकत घेतली, असाच त्यांचा अर्थ होतो.

कीर्द कोणाची?

वाणिज्य शाखेच्या अध्यापकांना या प्रश्नाचे पारंपरिक उत्तर नवे वाटणार नाही. व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपावा आणि मग खतावणीत ओढावा; खतावणी लिहिताना दिवा गेला तरी कीर्दीवरून ती पुन्हा पुरी करता येते. डेटाबेसच्या क्षेत्रात हीच रीत रूढ झाली. जिम ग्रे यांनी १९८१ च्या निबंधात ‘व्यवहार’ या संकल्पनेचे गुण आणि मर्यादा मांडल्या, हेर्डर आणि रॉयटर यांनी १९८३ मध्ये व्यवहाराच्या चार गुणांची ‘ॲसिड’ ही आद्याक्षरी संज्ञा रूढ केली, सी. मोहन आणि त्यांच्या आयबीएममधील सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘एरीज’ या नावाने कीर्द-पद्धतीची सविस्तर मांडणी केली. या परंपरेत अखंडता म्हणजे काय, ती कोठून सुरू होते आणि कोठे संपते, हे व्यवहार करणारा स्वतः सांगतो.

फाईल-व्यवस्थेनेही कीर्द स्वीकारली. लिनक्सच्या मुख्य धारेत २००१ मध्ये आलेली एक्स्ट ३ ही तिचे सुपरिचित उदाहरण होय. पण येथे एक सूक्ष्म गफलत झाली. या कीर्दीत नेहमीच्या मांडणीनुसार फक्त फाईल-व्यवस्थेच्या स्वतःच्या नोंदी, म्हणजे नावे, लांबी आणि पत्ते टिपले जातात. वापरणाऱ्याचा मजकूर तीत नसतो. वीज गेल्यानंतर फाईल-व्यवस्थेचा आपला हिशोब जुळतो. गिऱ्हाइकाचा जुळेलच असे नाही. कीर्द दुकानदाराची आहे, गिऱ्हाइकाची नव्हे. मजकूरही कीर्दीत टिपावा असा पर्याय एक्स्ट ३ मध्ये होता आणि पुढील आवृत्तीतही आहे; मात्र त्यातही व्यवहाराच्या सीमा फाईल-व्यवस्था ठरवते, प्रोग्रॅम नव्हे. मोठे लेखन दोन व्यवहारांत विभागले जाऊ शकते आणि प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही लागत नाही.

जुन्यावर न लिहिता नव्या जागी लिहावे आणि शेवटी केवळ पत्ता बदलावा, हा दुसरा मार्ग. सन कंपनीने २००५ मध्ये खुल्या केलेल्या झेडएफएसने तो समर्थपणे अवलंबला. त्यामुळे फाटलेला ब्लॉक सापडण्याची भीती सरते. तथापि ‘या तीन फाईली एकत्रच बदलल्या जाव्यात’ असे सांगण्याची सोय प्रोग्रॅमला तेथेही मिळाली नाही. यंत्रणा आत आहे, पण तिची किल्ली बाहेर दिलेली नाही.

२००९ चा वाद

कराराचा हा प्रश्न सर्वांत उघडा पडला तो २००९ च्या आरंभी. एक्स्ट ४ ही फाईल-व्यवस्था डिसेंबर २००८ मध्ये स्थिर म्हणून घोषित झाली होती. तीत मजकुराला डिस्कवरील जागा नेमून देण्याचे काम शक्य तितके लांबवले जाई. त्यामुळे वेग वाढला. पण उबुंटूच्या चाचणी आवृत्तीवर काम करणाऱ्या काहींचे संगणक मध्येच बंद पडले, तेव्हा त्यांच्या मांडणीच्या फाईली शून्य बाइटच्या झालेल्या आढळल्या. जुना मजकूर नाही, नवाही नाही. नाव तेवढे शिल्लक.

या प्रोग्रॅमांची रीत वरवर निर्दोष होती. नवा मजकूर तात्पुरत्या नावाच्या फाईलमध्ये लिहावा आणि मग ‘रिनेम’ने तिला मूळ नाव द्यावे. पॉझिक्स मानकानुसार रिनेम अखंड असते. पण कशाच्या दृष्टीने अखंड? मानक सांगते ते इतकेच की त्या क्षणी फाईल पाहणाऱ्या अन्य प्रोग्रॅमला ते नाव सदैव दिसत राहील. वीज गेल्यानंतर काय दिसेल याविषयी मानक मौन पाळते. पाहणाऱ्यासाठी अखंड आणि अपघातानंतर अखंड हे दोन भिन्न अर्थ एकाच शब्दाखाली दडले होते. एक्स्ट ३ च्या विशिष्ट रचनेमुळे मजकूर नावाच्या आधी डिस्कवर पोहोचत असे. त्या योगायोगालाच प्रोग्रॅमर करार समजून बसले होते.

एक्स्ट ४ चे प्रमुख शिल्पकार थिओडोर त्सो यांची भूमिका अशी होती की, मानकाने जे कबूल केले नाही ते मागता येणार नाही. मजकूर डिस्कवर हवा असेल तर ‘एफसिंक’ ही आज्ञा द्यावी. विरुद्ध पक्षाचे म्हणणे होते की, मानक काहीही म्हणो, ज्या व्यवस्थेत जुने आणि नवे दोन्ही गमावले जातात ती उपयोगाची नाही. हा वाद बहुधा मानकनिष्ठा विरुद्ध व्यवहारज्ञान असा रंगवला जातो. ती मांडणी अपुरी आहे. मुद्दा असा की, एफसिंक प्रोग्रॅमच्या गरजेपेक्षा जास्त देते आणि तितकीच जास्त किंमत वसूल करते. ‘मजकूर आत्ताच्या आत्ता डिस्कवर टाक आणि तोवर मला थांबव’ असा तिचा अर्थ. प्रोग्रॅमला ‘आत्ताच’ नको होते. मांडणीतील बदल अर्ध्या मिनिटाने पोहोचला असता तरी त्याची हरकत नव्हती. पोहोचला तर पूर्ण पोहोचावा, एवढीच त्याची मागणी होती. टिकाऊपणा आणि अखंडता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉझिक्सने पहिलीसाठी आज्ञा दिली, दुसरीसाठी दिली नाही आणि मग दुसरीची गरज पहिलीने भागवा असे प्रोग्रॅमरला सांगण्यात आले.

त्यातही विसंगती अशी की, एक्स्ट ३ वर एफसिंक दिली की त्या फाईलबरोबर इतरांचाही साचलेला मजकूर उतरवला जाई आणि संगणक काही क्षण अडून बसे. फायरफॉक्स ३ च्या वेळी, २००८ मध्ये, याच कारणाने मोठी ओरड झाली होती. म्हणजे एका वर्षी प्रोग्रॅमरला एफसिंक वापरल्याबद्दल बोल लागला आणि पुढच्याच वर्षी न वापरल्याबद्दल. लिनक्सच्या २.६.३० या आवृत्तीत शेवटी तडजोड झाली : फाईल रिनेमने बदलली जात आहे असे दिसले तर एक्स्ट ४ ने मजकुराची जागा तत्काळ नेमावी. व्यवहारात तिचा उपयोग झाला, यात शंका नाही. परंतु हे अनुमान आहे. प्रोग्रॅमच्या मनात काय असावे याचा फाईल-व्यवस्थेने बांधलेला अंदाज आहे. अंदाजावर चालणाऱ्या सौजन्याला करार म्हणता येत नाही.

एफसिंकच्या शब्दावरही सर्वत्र सारखा भरवसा ठेवता येत नाही, हे येथे जाता जाता नोंदवावे लागते. पॉझिक्सच्या स्पष्टीकरणात काही परिस्थितींत तिची पोकळ अंमलबजावणीही चालेल असे म्हटले आहे. मॅकओएसवर ती मजकूर डिस्कपर्यंत नेते, पण डिस्कच्या आतील तात्पुरत्या साठ्यातून कायम जागी नेण्यासाठी वेगळी आज्ञा लागते. २०१८ मध्ये तर पोस्टग्रेसच्या विकासकांना असे आढळले की, लिनक्सवर एफसिंक एकदा अयशस्वी झाली तरी दुसऱ्या खेपेस ती यश कळवू शकते, कारण न लिहिलेली पाने दरम्यान लिहिलेली म्हणून गणली गेलेली असतात. पुढे पोस्टग्रेसने एफसिंक फसताच स्वतःहून बंद पडून कीर्दीवरून पुन्हा उभे राहण्याचा मार्ग पत्करला.

अतिआश्वासनाचा प्रयोग

मौन हे एक टोक असेल तर मायक्रोसॉफ्टने दुसरे टोक गाठून पाहिले. विंडोज व्हिस्टाबरोबर आलेल्या ‘ट्रान्झॅक्शनल एनटीएफएस’मध्ये डेटाबेसचा व्यवहार जसाच्या तसा फाईल-व्यवस्थेत आणला होता. अनेक फाईली उघडाव्यात, बदलाव्यात, नावे फिरवावीत आणि शेवटी सर्व एकत्र कायम करावे किंवा सर्व रद्द करावे. कागदावर याहून परिपूर्ण उत्तर संभवत नाही. तरीही प्रोग्रॅमरनी त्याकडे पाठ फिरवली. खुद्द मायक्रोसॉफ्टने पुढे अधिकृत दस्तऐवजात गुंतागुंत आणि अल्प प्रतिसाद ही कारणे देऊन ही सोय वापरू नये, ती भावी आवृत्त्यांत नसण्याची शक्यता आहे, असे कळवले. नंतरच्या आरईएफएस या फाईल-व्यवस्थेत ती दिलीच नाही.

हे अपयश आळसाचे म्हणून झटकून टाकता येणार नाही. डेटाबेसमध्ये सर्वजण व्यवहाराच्या शिस्तीत वागतात. फाईल-व्यवस्थेत प्रोग्रॅम परस्परांना ओळखत नाहीत. एक व्यवहारात आहे आणि दुसऱ्याला तो आहे हेच ठाऊक नाही, अशी स्थिती नित्याची असते. तेथे सर्वंकष हमी देऊ लागले की तिच्या अटी हमीपेक्षा मोठ्या होतात.

मौनाची किंमत किती, हे विस्कॉन्सिन विद्यापीठातील पिल्लई, चिदंबरम आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधील अभ्यासाने दाखवले. गिट, एसक्यूलाइट, पोस्टग्रेस यांसारखे नामांकित ११ प्रोग्रॅम त्यांनी तपासले आणि अपघाताच्या वेळी मजकूर धोक्यात येईल अशी ६० स्थळे शोधून काढली. हे प्रोग्रॅम नवशिक्यांनी लिहिलेले नव्हते. त्या ६० स्थळांचा दोष केवळ लिहिणाऱ्यांच्या माथी मारता येत नाही. ज्या फाईल-व्यवस्थांच्या वागणुकीत इतका फरक आहे आणि ती वागणूक कोठेही नेमकी लिहिलेली नाही, त्यांचाही त्यात वाटा आहे.

लिनक्सची नवी सोय

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २०२४ मधील लिनक्स ६.११ मध्ये आलेल्या ‘आरडब्ल्यूएफ-ॲटॉमिक’ या खुणेचे मूल्यमापन करावे लागते. लिहिण्याच्या आज्ञेसोबत ही खूण दिली की ते लेखन संपूर्ण होते किंवा अजिबात होत नाही. प्रारंभी ही सोय थेट डिस्क-उपकरणांपुरती होती. जानेवारी २०२५ मधील ६.१३ मध्ये एक्स्ट ४ आणि एक्सएफएस यांना ती एका ब्लॉकपुरती मिळाली आणि त्याच वर्षीच्या ६.१६ मध्ये अनेक ब्लॉकपर्यंत वाढली. उपकरणाच्या मर्यादेपलीकडील लेखनासाठी एक्सएफएसने नव्या जागी लिहून मग पत्ता फिरवण्याची रीत वापरली आहे.

या रचनेचा सर्वांत मोठा गुण तिचा संकोच आहे. लेखनाचे माप दोनाच्या घातात असावे आणि ते आपल्या मापाच्या पटीतील जागीच असावे, अशा तिच्या अटी आहेत. किती मोठे लेखन अखंड होईल हे प्रोग्रॅमला आधीच विचारता येते. मर्यादेबाहेरचे मागितले तर व्यवस्था ते अर्धेमुर्धे न करता सरळ नाकारते. हे नाकारणे क्षुल्लक नव्हे. एनव्हीएमई प्रकारच्या उपकरणांत अखंड लेखनासाठी स्वतंत्र आज्ञाच नाही. मर्यादेत बसलेले लेखन अखंड होते आणि मर्यादा ओलांडलेले लेखन निमूटपणे साधे लेखन ठरते. शिवाय ही उपकरणे दोन मर्यादा सांगतात, एक नेहमीच्या परिस्थितीतील आणि एक वीज जाण्याच्या वेळची. दोहोंपैकी कोणती धरायची हे न कळल्यास हमी फसवी ठरते. उपकरणाच्या या मौनाचे लिनक्सने स्पष्ट होकार-नकारात रूपांतर केले, हे तिचे खरे कर्तृत्व होय.

दुसरा गुण तात्त्विक आहे. ही खूण टिकाऊपणाचे काहीही आश्वासन देत नाही. मजकूर डिस्कवर केव्हा पोहोचेल हे ती सांगत नाही. पोहोचला तर फाटलेला नसेल, एवढेच सांगते. ‘आत्ताच’ हवे असेल तर त्यासाठी वेगळी खूण जोडावी लागते. २००९ च्या वादात ज्या दोन गोष्टींची गल्लत झाली होती, त्यांची येथे प्रथमच उघड फारकत झाली.

मात्र ही फारकत कोणाच्या वाट्याला आली? ही सोय मेमरीतील साठ्याला वगळून थेट डिस्कवर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमसाठी आहे. ठराविक मापाची पाने ठराविक जागी लिहिणारा डेटाबेस हेच तिचे नैसर्गिक गिऱ्हाईक. १६ किलोबाइटचे पान अखंड उतरले की दोनदा लिहिण्याचा खर्च वाचतो, हा लाभ मोठा आहे. पण डेटाबेसजवळ स्वतःची कीर्द होतीच. त्याला सुरक्षितता नव्हे, स्वस्ताई मिळाली. ज्याच्याजवळ काहीच नाही, त्या साध्या प्रोग्रॅमच्या लांबी बदलणाऱ्या फाईलला या खुणेचा उपयोग नाही. मधला मार्ग अशक्य होता असेही नाही. मोबाईल संचांत वापरल्या जाणाऱ्या एफटूएफएस या फाईल-व्यवस्थेने एका फाईलमधील अनेक विखुरलेली लेखने ‘आरंभ’ आणि ‘कायम’ या दोन आज्ञांमध्ये बांधण्याची सोय दिली, आणि एसक्यूलाइटने २०१७ मधील ३.२१.० या आवृत्तीपासून तिचा लाभही घेतला. एक फाईल, एक लेखक, स्पष्ट आरंभ आणि स्पष्ट शेवट एवढ्यावर भागणारी ही रचना व्हिस्टाच्या प्रयोगापेक्षा कितीतरी लहान आणि लिनक्सच्या नव्या खुणेपेक्षा अधिक उपयोगी आहे. ती मोठ्या फाईल-व्यवस्थांत सर्वसाधारण सोय म्हणून का येऊ नये, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आजवरच्या चर्चेत आढळत नाही.

गुणांच्या त्या फाईलसाठी लिनक्सवर आजही चार पायऱ्यांचा जुनाच विधी करावा लागतो. तात्पुरत्या नावाने लिहिणे, त्या फाईलला एफसिंक देणे, रिनेम करणे आणि शेवटी ज्या फोल्डरमध्ये ती आहे त्या फोल्डरलाही एफसिंक देणे. दुसरी पायरी गाळली तर शून्य बाइटची फाईल हाती येण्याचा धोका फाईल-व्यवस्थेच्या अनुमानावर सोपवला जातो. चौथी गाळली तर वीज आल्यावर जुने गुण पुन्हा दिसू शकतात, साठवल्याचा संदेश पडद्यावर येऊन गेलेला असला तरी. एफसिंकच्या लिनक्स-माहितीपत्रकात फोल्डरविषयीची ही सूचना दिलेली आहे; ती वर्णनाच्या परिच्छेदांमध्ये एका वाक्यात येते.